म्युरिएल ड्रिंगची हिरवी मॉरिस

फिरतं वाचनालय बंद झालं तेव्हा मला नुकतंच साठावं लागलं होतं. सत्तावीस वर्षं मी ती गाडी हाकली. मागे अडीच हजार पुस्तकं, पुढे मी एकटी. सोमवारी समुद्राकडची गावं, मंगळवारी पाणथळीतली, गुरुवारी टेकड्यांवरची. लिंकनशायरच्या आमच्या कोपऱ्यातला एकही शेतरस्ता माझ्या चाकाखालून गेल्यावाचून राहिला नव्हता. मग एक दिवस वरून पत्र आलं. शेवटच्या फेरीला लोकांनी केक करून आणले, दोघीतिघी रडल्या. आणि पुढच्या सोमवारी सकाळी साडेसहाला मी कोट घालून स्वयंपाकघरात उभी होते. जायला कुठे नव्हतं.

त्यानंतर सहा महिने माझं कशात मन लागेना. कुंपण रंगवलं. पंधरा दिवसांनी रंग डोळ्यांत खुपायला लागला म्हणून पुन्हा रंगवलं. माळा आवरला, आवरलेला पुन्हा उपसला. रोज दुपारी पाच मैल चालून यायची आणि दारातून आत आले की वाटायचं, अजून पाच मैल जावं. नवरा डेरिक याच्या अगदी उलटा. पस्तीस वर्षं खाटकाचं दुकान चालवून तो निवृत्त झाला तो थेट परसातल्या भोपळ्यांपाशी खुर्ची टाकूनच.

"अगं ग्लेंडा, बूड टेक जरा कुठे," तो म्हणायचा. "तुझ्याकडे बघून मला दम लागतो."

"तू बसलायस ना दोघांच्या वाटचं," मी म्हणायची.

फेब्रुवारीत पोस्टाच्या खिडकीत एक चिठ्ठी लागली. 'जुनी गाडी विकणे: मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, १९६४. बंद. मार्चअखेर शेड रिकामी करायची आहे.' खाली नाव होतं मिसेस ड्रिंग. त्यांना मी ओळखत होते. गुरुवारच्या फेरीतल्या वाचक. दर वेळी प्रवासवर्णनांची चार पुस्तकं न्यायच्या, आणि पुढच्या फेरीला पाच मागायच्या. नवरा वॉल्टर दोन वर्षांपूर्वी वारला होता. आता शेत विकून त्या जवळच्याच गावात एका बैठ्या घरात राहायला गेल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, बोलणं मोजकं.

शेडचं दार उघडायला मला खांदा लावावा लागला. आत ती उभी होती. चारही टायर बसलेले, टपावर कोंबड्यांच्या विष्ठेचा थर. या गाडीचा मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीचा असतो. त्या लाकडावर शेवाळ चढलं होतं आणि मागच्या खिडकीच्या कडेला ओळीनं अळंबी उगवली होती. बोटानं धूळ पुसली तर खालून फिकट हिरवा रंग निघाला. मी आत बसले. सीटमधून उंदीर पळाला. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझे पाय जागच्या जागी राहिले.

मिसेस ड्रिंग दाराबाहेरच उभ्या होत्या.

"काय झालं होतं हिला?" मी आतून विचारलं.

"एक दिवस चालू झाली नाही."

"मग?"

"मग झालीच नाही. अठ्ठ्याऐंशी सालापासून इथेच आहे."

त्यांनी सांगितलेली किंमत मी दिली. त्यांनी नोटा न मोजताच पर्समध्ये टाकल्या आणि मागे वळून न बघता रस्त्याला लागल्या.

ट्रेलरवरून गाडी दारात उतरली तेव्हा डेरिक खुर्चीतून उठून आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, लाकडात अंगठा दाबून पाहिला. अंगठा आत गेला.

"सरपण आणलंस होय?" तो म्हणाला.

"ऑगस्टपर्यंत तुला हिच्यातून समुद्रावर नेते की नाही बघ."

"मी आपला डबा घेऊन बसनंच जाईन," तो म्हणाला आणि आत गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं आपली भोपळ्यांची हत्यारं काढून अर्धी पडवी मला मोकळी करून दिली.

वाचनालयाची गाडी वाटेत बंद पडली की मदत यायला तीन तास लागायचे, त्यामुळे बरंचसं मी स्वतःच करायला शिकले होते. तरी हे काम वेगळं होतं. इंजिन जाम होतं. प्लग काढले, चारही भोकांतून पातळ तेल सोडलं आणि आठवडाभर थांबायचं होतं. थांबणं मला जमत नाही. दिवसातून चार वेळा जाऊन मी पुढून हॅन्डल लावून बघायची. हलत नसे. सहाव्या दिवशी चहाचा कप एका हातात असताना सहज जोर दिला आणि ते केसभर सरकलं. कप खाली ठेवून मी दोन्ही हातांनी धरलं. आणखी थोडं सरकलं. मग आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पूर्ण एक फेरा फिरलं. त्या दिवशी डेरिकनं तीनदा जेवायला हाक मारली म्हणे. मला एकदाही ऐकू आली नाही.

एप्रिल-मे असेच गेले. ब्रेक सगळे गंजून धरून बसले होते. एकेक चाक काढून ते सोडवले. रबरी नळ्या बोटात भुगा व्हायच्या, त्या नव्या आणल्या. लाकडाची सडलेली अंगं पलीकडच्या गावातल्या सुताराकडून करून घेतली. पेट्रोलची टाकी खाली उतरवली तर ती मला पेलेना. टाकी काठोकाठ भरलेली होती. अठ्ठावीस वर्षांचं पेट्रोल, काळपट, वार्निशसारखा वास येणारं. मला तेव्हाच थोडं नवल वाटलं. शेतावरची बाई बाजारहाटाला न्यायच्या गाडीत एवढं पेट्रोल कशाला भरेल? पुढच्या कप्प्यात गॅरेजचा एक कागदही मिळाला, मार्च अठ्ठ्याऐंशीचा. नवी बॅटरी, नवे प्लग, तेल बदललेलं, ब्रेक तपासलेले. म्हणजे गाडी उत्तम होती. ती बंद का पडली हे काही केल्या मला कळेना, आणि जे कळत नाही ते मला स्वस्थ बसू देत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं जोडून झालं. नवी बॅटरी लावली, किल्ली फिरवली. इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं. नुसती घुरघुर. प्लग काढून पाहिला, करंटच येत नव्हता. मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. ते आधीच उघडायला हवं होतं, पण वरून ते इतकं स्वच्छ, दोन्ही क्लिपा नीट बसवलेलं दिसत होतं की मी ते शेवटी ठेवलं होतं.

आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. आत गोल फिरतो आणि चारी प्लगना पाळीपाळीनं करंट वाटून देतो. तो नुसता वरून बसवलेला असतो. चिमटीत धरून वर ओढला की निघतो, पाना लागत नाही. तो नसला तर जगातली कोणतीही मॉरिस हलणार नाही. पण तो आपोआप पडत नाही, आणि उंदीर क्लिपा लावून झाकण बंद करत नाहीत.

मी खाली पायरीवर बसले. माझे वडील सांगायचे ते आठवलं. युद्धाच्या काळात जर्मन उतरले तर त्यांना आयती गाडी मिळू नये म्हणून गाडी उभी केली की हा तुकडा काढून खिशात टाकायचा, असा हुकूम होता. त्या पिढीच्या शेतकऱ्यांना, त्यांच्या पोरांनासुद्धा, हे तोंडपाठ होतं.

नवा रोटर दुसऱ्या दिवशी पोस्टानं आला. बसवला, किल्ली फिरवली, आणि तिसऱ्या फेऱ्याला इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चालू झालं. डेरिक भोपळे सोडून धावत आला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसले, पण माझं चित्त दुसरीकडेच होतं.

तिसऱ्या दिवशी मी मिसेस ड्रिंगच्या घरी गेले, चालतच. घरात अजून अर्धी खोकी बांधलेलीच होती. त्यांनी चहा केला, मनुकांचा पाव कापला, त्यावर चीज ठेवलं. मी आधी गाडी चालू झाल्याचं सांगितलंच नाही. विचारलं, "बंद पडली तो दिवस आठवतो का हो तुम्हाला?"

"मंगळवार होता," त्या लगेच म्हणाल्या. "सोमवारी संध्याकाळी मी पेट्रोल भरून आणलं. झकास चालली. मंगळवारी सकाळी सातला किल्ली फिरवली तर नुसतीच घुरघुर. बॅटरी उतरेपर्यंत फिरवत बसले. मग वॉल्टर आला. बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, 'गेली ही, म्युरिएल. इंजिनच गेलं.'"

"दुसऱ्या कुणाला दाखवली नाहीत?"

"तो ट्रॅक्टर सुटा करून पुन्हा जोडणारा माणूस. तो म्हणाला गेली, तर मी कोण विचारणार? मला वाटलं, असेल नशिबात तसं." त्यांनी पावाचा आणखी एक काप माझ्या ताटलीत टाकला. "खा."

"कुठे निघाला होतात?"

"व्हिटबीला. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर. एक मैत्रीण होती तिथे."

तो काप संपवून मी उठले. सांगायचं ओठांवर आलं होतं, पण तसंच घेऊन घरी आले.

पुढचे पाच दिवस मी गाडी घेऊन नुसती भटकले. वार्षिक तपासणीला नेली, तपासणाऱ्यानं खालून हातोडी मारून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, ही माझ्या गाडीपेक्षा बरी आहे." एरवी मी ते वाक्य वर्षभर मिरवलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली. समुद्रापर्यंत जायची, न उतरता परत फिरायची. डेरिकला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं फावडं खाली ठेवलं.

"गप्प राहा," तो म्हणाला. "म्हातारा मेला. म्हातारी नवीन घरात रुळतेय. आता हे सांगून कुणाचं भलं होणार?"

"तिला वाटतं नशीब. नशीब नव्हतं ते, डेरिक. तिचा नवरा होता."

"तुला तिच्यासाठी सांगायचंय की तुझ्या पोटात राहत नाही म्हणून?"

मी त्याचं फावडं उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. पण सहाव्या दिवशी मी गेले. या वेळी गाडी घेऊन गेले आणि त्यांच्या फाटकासमोर उभी केली. आवाज ऐकून त्या खिडकीशी आल्या असाव्यात, कारण मी बेल दाबायच्या आतच दार उघडलं.

"चालू झाली," त्या म्हणाल्या.

"मिसेस ड्रिंग, तिचं इंजिन गेलंच नव्हतं. तिच्यातला एक तुकडा काढून घेतला होता."

दुकानातून मी दोन रोटर मागवले होते. दुसरा खिशात होता, तो टेबलावर ठेवला. तो कसा काढतात, त्यावाचून काय होतं, सगळं सांगितलं. वॉल्टरचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलंही नाही. त्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला.

"एवढासा," त्या म्हणाल्या.

मग माझ्याशी नाही, टेबलाशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्या दिवशी साडेपाचला तो बाहेरून आला होता. गुरांचं बघून सहाला यायचा, त्या दिवशी साडेपाचला. आणि वर चहा घेऊन आला. एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी जागीच होते, बॅग पलंगाखाली होती. मनात आलं, याला कळलं की काय? मग म्हटलं, छे. कळलं असतं तर ओरडला असता. चहा कशाला आणेल?"

"तुम्ही घर सोडून निघाला होतात?"

"विनीचं लोकरीचं दुकान होतं व्हिटबीला. वर दोन खोल्या. मी विणायचं, तिनं विकायचं, असं ठरलं होतं. वॉल्टरनं कधी हात उगारला नाही, हे आधी ऐक. पण आठवडा आठवडा तो एक शब्द बोलायचा नाही. मी भिंतीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची." त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "विनीला नंतर मी पत्रसुद्धा लिहिलं नाही. लिहू काय? गाडी चालू झाली नाही म्हणून? बस होती, आगगाडी होती. पण मला धीर होता तो त्या एका सकाळपुरताच. दुपारपर्यंत तो संपला."

मी उठून दोन कप चहा करून टेबलावर ठेवला.

"त्यानंतर तो रोज चहा आणायचा. मरेपर्यंत. सव्वीस वर्षं. मला वाटायचं, वय झालं, माणूस मऊ पडला." आता त्यांचा आवाज चढला. "विचारायचं होतं त्यानं, ग्लेंडा. कुठे चाललीस, जाऊ नको, एवढं म्हणाला असता तरी मी बॅग रिकामी केली असती."

त्यांनी कप उचलून मोरीत ठेवले. भरलेले होते दोन्ही.

"जा तू आता," त्या म्हणाल्या.

आठ दिवस काही कळलं नाही. मी दोनदा फोन लावला, उचलला नाही. घरात मी या खोलीतून त्या खोलीत जायची आणि कशाला आले ते विसरायची. डेरिक 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. गाडी दारात उभी होती, धुतलेली, लाकडाला नवं तेल दिलेली, आणि तिच्यात बसावंसं वाटेना.

नवव्या दिवशी, बुधवारी, सकाळच्या बसमधून मिसेस ड्रिंग उतरल्या. चांगला कोट, सपाट टाचांचे बूट. फाटकातून आत आल्या, गाडीला हात न लावता तिच्याभोवती फिरल्या आणि मग माझ्यासमोर हात पुढे केला.

"किल्ली दे."

"तुमच्याकडे परवाना आहे का?"

"सत्तराव्या वर्षी संपला. अर्ज टाकलाय. येईल."

"येईपर्यंत रस्त्यावर नाही चालवता येणार, मिसेस ड्रिंग."

"मग रस्ता नसेल तिथे ने," त्या म्हणाल्या. "आणि म्युरिएल म्हण. मिसेस ड्रिंग ऐकून ऐकून कान किटलेत माझे."

आमच्या भागात युद्धाच्या वेळचे ओस पडलेले विमानतळ पैशाला पासरी आहेत. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जमिनीत तसली धावपट्टी होती, काँक्रीटच्या फटींतून गवत उगवलेली. त्याला विचारून तिथे गेलो. म्युरिएल स्टिअरिंगमागे बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. पहिल्यांदा गाडी दोन उड्या मारून बंद पडली. दुसऱ्यांदा तसंच. गिअर इतका करकरला की माझ्या दातांत शिरशिरी आली.

"क्लच पूर्ण दाबा," मी म्हणाले.

"माझ्या बापाची गाडी होती ही. क्लच मला शिकवू नकोस, पोरी."

तिसऱ्यांदा निघाली. पट्टीच्या टोकापर्यंत हळूहळू, वळली, परत. पाचव्या फेरीला त्या चौथ्या गिअरमध्ये होत्या. सातव्या फेरीला मी दाराची मूठ घट्ट धरली. काटा पन्नासवर होता आणि त्यांची नजर एकदाही माझ्याकडे वळली नव्हती.

"थांबायचं का जरा?" मी विचारलं.

"तुला उतरायचंय तर उतर."

मी उतरले. त्या पुन्हा निघाल्या. बाजूच्या गवतात उभी राहून मी मोजत होते. अकरा फेऱ्या झाल्या. गाडी जवळून जायची तेव्हा त्यांचं तोंड हलताना दिसायचं. त्या कुणाशी तरी भांडत होत्या. अकराव्या फेरीनंतर माझ्यापाशी येऊन थांबल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता, केस विस्कटले होते.

"ब्रेक डावीकडे ओढतोय," एवढंच म्हणाल्या.

खरंच ओढत होता.

जुलैत परवाना आला. डोळे डॉक्टरकडून तपासून झाले. शिकवणीवाल्याबरोबर त्यांनी चार तास रस्त्यावर काढले, तो मला भेटला तेव्हा म्हणाला, "चालवतात छान, पण माझं ऐकत नाहीत." विम्यात त्यांचं नाव घातलं. डेरिकचं म्हणणं होतं की मला वेड लागलंय.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. अठ्ठावीस वर्षांनी. साठच्या दशकातल्या गाडीत. एकशे दहा मैल."

"मी जाऊ का बरोबर, असं विचारलं होतं."

"मग?"

"म्हणाल्या, तेव्हाही एकटीच जाणार होते."

दिवस त्यांनी गुरुवार ठरवला. मंगळवार नको, म्हणाल्या. सकाळी सातला आमच्या दारातून निघाल्या. मागे एक बॅग, शेजारच्या सीटवर डेरिकनं दिलेला सॉसेजच्या सँडविचचा डबा. वळणावर त्यांनी निरोपाचा हात हलवला नाही, वळायचा दिवाच दाखवला.

त्या दिवसाइतका लांब दिवस मला आठवत नाही. आठ वाजता हंबर नदीचा पूल यायला हवा. दहाला पुढचा घाट. डेरिक भोपळ्यांना पाणी घालत होता आणि मी त्याच्या मागे, पुढे, बाजूला. ज्या ज्या गोष्टी मी स्वतःच्या हातानं घट्ट केल्या होत्या त्या मनात एकेक ढिल्या होत होत्या. ब्रेकच्या नळ्या. पुढचं डावं चाक. बाराला फोन नाही. एकला नाही. दोन वाजता मी म्हणाले, आपण तुझी गाडी काढून मागावर जाऊ. डेरिकनं पहिल्यांदाच मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला.

फोन तीन वाजून वीस मिनिटांनी आला.

"पोचले," म्युरिएल म्हणाल्या. मागे सीगल ओरडत होते. "अकरालाच पोचले होते. फोन करायचं लक्षात नाही राहिलं."

"आणि विनी?"

"दोन हजार नऊ साली गेली. शेजारणीनं सांगितलं. दुकानात आता आइसक्रीम मिळतं." थोडं थांबून म्हणाल्या, "शेजारीण म्हणाली, ती बरीच वर्षं कुणाची तरी वाट बघायची असं बोलायची. नावं मात्र शेजारणीच्या लक्षात राहत नाहीत."

मी विचारलं, "परत निघताय का?"

"आज नाही. खोली घेतली आहे. समोर बंदर दिसतं. आयुष्यात मी एकदाही एकटी कुठल्या खोलीत राहिले नव्हते, ठाऊक आहे तुला?"

त्या रविवारी दुपारी परत आल्या. पुढचा उजवा मडगार्ड चेपला होता, हिरवा रंग खरवडला होता.

"भिंत पुढे आली," त्या म्हणाल्या.

डेरिकनं चहा केला. आम्ही परसात बसलो. त्या बंदराबद्दल बोलल्या, खेकड्याच्या सँडविचबद्दल, चढावर मागे लागलेल्या आणि हॉर्न वाजवणाऱ्या लॉरीबद्दल. डेरिक बिस्किटं आणायला आत गेला तेव्हा मी विचारलं, "मी सांगितलं ते बरं केलं का?"

"कोण जाणे," त्या म्हणाल्या. "परत विचारू नकोस." मग कपाकडे बघत म्हणाल्या, "मी तुला म्हणाले होते ना, त्यानं विचारलं असतं तर थांबले असते. ते खरं नाही. तीन दिवस त्या खिडकीत बसून विचार केला. मी थांबले नसते. आणि त्याला ते ठाऊक होतं. म्हणून नाही विचारलं."

"मग राग गेला का?"

"राग कशाला जाईल? पण आता तो नशिबावर नाही, योग्य जागी आहे."

डेरिक बिस्किटं घेऊन आला आणि भोपळ्यांचं बोलणं निघालं.

मडगार्ड मी हळूहळू ठोकून सरळ केला. रंग जुळता मिळायला सप्टेंबर उजाडला. त्याच महिन्यात मी दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नेण्या-आणण्याचं काम धरलं; आठवड्याचे तीन दिवस, गावोगावचे तेच जुने रस्ते. राहिलेल्या दिवसांत गाडी रिकामी उभी राहायची, म्हणून म्युरिएलना दुसरी किल्ली करून दिली. कधी सोमवारी नेतात, शुक्रवारी आणतात. कुठे गेला होतात विचारलं तर 'उत्तरेकडे' एवढंच म्हणतात. एकदा कागदी पिशवीत लोकर दिसली, पण मी काही बोलले नाही.

यंदाच्या तपासणीआधी मी गाडी झाडायला घेतली. मागच्या चटईखाली मूठभर वाळू निघाली. ती झाडून टाकली, ब्रेक पुन्हा ताणून घेतले, डावीकडचा जरा सैल ठेवला. उद्या दहाला म्युरिएल ती न्यायला येणार आहेत. या वेळी मलाही बरोबर यायला सांगितलंय, पण स्टिअरिंग माझ्या हातात देणार नाहीत, हे आधीच बजावून ठेवलंय.